चित्र नाही

मसाक्याच्या कॉफी गिरणीत
सोळा कॅमेरे लावले ते मीच.
फाटकापासून खोलीपर्यंत नव्वद मीटर तार,
कुंपणाच्या कडेनं, उघड्यावर.
गिरणीमालक काग्ग्वा म्हणाले, नळ्या-बिळ्या, अर्थिंग, पुढच्या वर्षी बघू.
मी मान डोलावली.
मला बिल लवकर हवं होतं.

एप्रिलअखेर त्यांनी बोलावलं.
रेकॉर्डिंगला भोकं पडलीत, म्हणाले.
मी यंत्रातून यादी काढली:
सहा तारीख, पहाटे सव्वातीन, चित्र नाही, एकोणीस मिनिटं.
अकरा तारीख, रात्री एक, चित्र नाही, बावीस.
सतरा. अठरा.
अठराला दोनदा.
"आपोआप होतं का हे?"
"नाही. कुणीतरी तारा उपसतंय."
एवढंच बोलले मी, आणि खरं तेच बोलले.
वर कागदांना टाचणीही मारून दिली.

ओक्वीर, रात्रीचा राखणदार, उत्तरेकडला, लिराचा.
आमची लुगांडा त्याच्या तोंडात अडखळायची.
दोन पोती कमी भरली होती
(दोन पोती कुठल्याही गिरणीत कमी भरतात).
विचारलं तेव्हा त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं.
त्यांना वाटलं, देवाची शपथ घेतोय.
शिट्टी आणि गमबूट टेबलावर ठेवून
तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेला,
अनवाणी.

नवव्या दिवशी सरोवरावरून ढग चालून आले.
वीज गिरणीवर पडलीच नाही.
पडली पलीकडच्या म्वुलेच्या झाडावर, दीडशे पावलांवर.
पण तिला निमित्त पुरतं.
फाटकावरच्या कॅमेऱ्यात शिरली,
माझ्या उघड्या तारेवरून पाहुणीसारखी आत आली.
रेकॉर्डर, पडदा, फाटकाची मोटर, भोंगा,
एका उचकीत सगळे गेले.
मी झाकण उघडलं.
हिरव्या पट्टीवर काळा डाग, करपलेल्या कॉफीच्या दाण्याएवढा.
नवा राखणदार दारात उभा, हात वर केलेले:
"बाई, मी कशालाच हात लावला नाही."

हो रे बाबा.
तेच झालं.

घरी त्या यादीची प्रत होती.
दिव्याखाली धरली आणि अठरा तारखेवर बोट थबकलं.
अठराच्या रात्री माझी नाक्कू
दोनदा माझ्या अंथरुणात घुसली होती,
कानांवर उशी दाबून.

मग मी खड्डा खणला. स्वतः खणला.
तांब्याची कांब, कोळसा, मीठ, वर पाणी.
फाटकाची जमीन आणि खोलीची जमीन
एकाच पट्टीनं बांधली,
दोन जमिनींत फरक राहिला
की मधल्यामध्ये गरीब यंत्र मरतं.
तारेच्या दोन्ही टोकांना सर्ज अडवणाऱ्या डब्या बसवल्या,
काड्यापेटीएवढ्या.
त्यांचं काम एकच, आधी जळायचं.
जिवावरचं शेपटावर निभावायचं.
काग्ग्वांनी या वेळी घासाघीस केली नाही.
निघताना मी बजावलं,
कोरड्या दिवसांत खड्ड्यात रोज बादलीभर पाणी हवं,
माणूस हवा.
ते म्हणाले, बघू.

नंबर गिरणीच्या जुन्या वहीत सापडला.
तिसऱ्या खेपेला उचलला.
"मी नाब्बोसा. कॅमेऱ्यांची."
तो गप्प.
मला म्हणायचं होतं ते सगळं
मी वाटेत पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना.
"तुला कुणी सांगितलं होतं, तारा काढायला?"
"कुणी नाही," तो म्हणाला. "महागाचं सामान."
मागे, लिरावर कुठंतरी, गडगडलं.
"थांब," तो म्हणाला,
आणि फोन बंद केला.

एकोणीस मिनिटं झाली.
मी थांबले आहे.